कुर्लीचं बीळ

आमच्या आगरवाड्यात बांध राखायला माणूस असतो.
गुडघा जायच्या आधी माझा नवराच होता, सोळा वर्षं.
भरतीच्या रात्री टॉर्च घेऊन निघायचा,
वाकून वाकून कुर्ल्यांची बिळं शोधायचा.
अंगठ्याएवढं बीळ, मूठभर चिखलात बुजतं.
नजरेतून सुटलं
तर खाऱ्या पाण्याखाली अख्खं खाजन.

हे सगळं ठाऊक असून
तुयेच्या दवाखान्यात रेजिना नर्सबाई म्हणाली,
"एकदा तपासून घे गे, पंचेचाळीस झालीं तुका,"
तर मी म्हटलं, मला काय झालंय?
दुखत नाही, खुपत नाही.
ती म्हणाली, "बांध तरी कुठे दुखतो?"

पिएदाद आठवली.
पाळी जाऊन सात वर्षं झालेली,
आणि एका सकाळी कपड्यावर डाग.
मासळीच्या पाटीमागून हसली होती,
"पळे, हांव परत तरणी जालें!"
आम्हीही हसलो. किती हसलो.
मग बांबोळी. पंचवीस दिवस शेक,
पहाटेच्या बसनं जाऊन-येऊन.
शेवटच्या दिवशी तिनं रस-ऑम्लेट मागितलं.
दोन पावसाळे जास्त मिळाले तिला.
बीळ तेव्हा बिळाएवढं राहिलं नव्हतं.

खाटेवर पाय वर घेऊन पडले.
पंख्याची पाती मोजली. तीनच होती, पुन्हा मोजली.
थंड लोखंड.
आणि एकदम ओळखीचा वास,
पिएदाद माडाच्या सुरेचं करायची त्या व्हिनेगरचा.
कापसानं लावलं. "एक मिनीट रावया."
त्या मिनिटात मी काय काय बोलले मनात
ते देवालाही सांगणार नाही.

"हांगा पांढरें जालां. इल्लेंशें."
कर्क?
"ना गे. कुर्ली अजून आत रिघूंक ना. उकरता फकत."

तुकडा काढून पाठवला. नऊ दिवस वाट.
मग एक थंडगार सळी, काही मिनिटं, पोटात कळ,
आणि दुपारी मी घरी भात टाकत होते.
महिनाभर पाणी जात राहिलं, तेवढंच.

जावेनं तोंड वाकडं केलं, असले रोग कुणाला होतात म्हणून.
तिला म्हटलं, विषाणू आहे तो,
बहुतेकींकडे येतो नि आपसूक जातो,
एखादीकडे दहा-पंधरा वर्षं ठाण मांडतो.
खारं पाणी चारित्र्य बघून शिरत नाही.
आणि तुझी लेक बारा वर्षांची आहे,
तिला सुई टोचून आण, माझ्या मनालीबरोबर.
ती काही बोलली नाही.
सोमवारी दोघी पोरी एकाच स्कूटरवर गेल्या.

नवऱ्याला या गोष्टींची नावंसुद्धा घेता येत नाहीत.
रात्री दाराशी उभा राहून विचारलं त्यानं,
"परत कधी बोलावलंय?"
वर्षानं, म्हटलं.
दारामागे, जिथे तो अजून
भरतीच्या वेळा खडूनं लिहितो,
तिथे त्यानं तारीख लिहिली.
नुसती तारीख. पुढे काही नाही.