समासात

मनामा. एजन्सीची कचेरी. भाद्रपद असावा,
इथं कळत नाही; दौतीत शाईदेखील तापते.
बाकावर तो बसला नाही. जमिनीवर बसला,
आणि गुडघ्यांवर हात असे ठेवले
जसे मोजून द्यायचे आहेत.

नाव? मरजान.
म्हणजे पोवळं. मालकानं ठेवलेलं.
मालकाकडे याकूत होता, अंबर होता, फिरोज होता;
तिजोरी उघडावी तशी सकाळी हाक मारी.

दुभाषा जांभया देत सांगत होता.
पण काही शब्दांना त्याची गरज पडली नाही.
मालक. गुलाम. कर्ज. हिशेब. बाकी.
हे मला वेंगुर्ल्यातच पाठ होते,
वडिलांच्या दुकानातल्या चोपडीमुळे.
हवा म्हणाला तेव्हा मात्र दचकलो:
पायाला दगड, कमरेला दोर, नाकाला शिंगाचा चिमटा,
आणि तळाशी गेल्यावर
हवा, हवा.

चार महिने. सकाळी तीन खजूर, कडू कॉफी,
दिवसाला पन्नास-साठ बुड्या.
कानातून रक्त आलं तर तेल.
दोर लवकर हलवला
तर त्याच दोराचं दुसरं टोक.
हंगाम संपला की त्याचा वाटा मालक उचली,
कर्ज तेवढं त्याच्या नावावर राही.
बायको मालकानंच करून दिली. मुलगी झाली.
सात वर्षांची असताना ती अल-हसाकडे गेली.
'गेली' हा दुभाष्याचा शब्द.
त्याचा शब्द मला कळला नाही.
त्यानं बोटांवर किंमत दाखवली.

आमच्याकडे म्हणतात, नाकापेक्षा मोती जड.
म्हणणाऱ्यानं हे नाक पाहिलं नसावं:
दोन्ही बाजूंना चिमट्याचे खड्डे, जुने, गुळगुळीत.
आईच्या नथीत सात मोती होते, बसऱ्याचे.
मी खाली पाहून लिहीत राहिलो.

आधीचं नाव? असा रकाना नव्हता. मी विचारलं.
त्यानं ओठ मिटले. वाटलं, नाही सांगणार.
पण नावच मिटल्या ओठांनी सुरू होत होतं,
बुडी मारण्याआधी मिटावेत तसं:
म्क्वांडा.
साहेबाच्या लिपीत ते तीनदा चुकलं.
मग समासात, मोडीत, बारीक लिहून ठेवलं.
कुणी विचारणार नव्हतं.

शेवटी म्हणाला, अना गरीब.
मी लिहिलं: अर्जदार गरीब आहे, दया व्हावी.
कागद आत गेला, शिक्का घेऊन आला.
त्यानं तो नाकाशी नेला, हुंगला, घडी केली
आणि विचारलं, आता जायचं कुठं?
दुभाषा हसला.

अकरा वर्षांनी, बाजारात, सदऱ्याचं माप घेताना
एक म्हातारा शिंपी सहज बोलून गेला
की त्यांच्या भाषेत गरीब म्हणजे
पैसा नसलेला नव्हे.
गरीब म्हणजे ज्याचं गाव इथं नाही.

रजिस्टर तोवर बुशहरला गेलं होतं.
माझी ओळ त्यात असेल अजून,
वळणदार अक्षरात,
चूक.