चार, दोन, एक, शून्य

हार्लिंगनच्या धक्क्यावर मासे साठवायची जुनी शेड.
आत अकरा पिनबॉल, एक गॅसची शेगडी,
आणि फळ्यापाशी मी, बोटं खडूनं पांढरी.
जानेवारी. दाराखालून समुद्राचं पातं आत येतं
आणि सगळ्यांच्या घोट्यांना लागतं.

सुरुवातीला नियम वाचायचे असतात. वाचते.
चौघांचा गट. पहिल्याला चार, दुसऱ्याला दोन,
तिसऱ्याला एक, आणि चौथ्याला
(इथं दरवर्षी कुणीतरी खोकतं)
शून्य.

यंत्रावर किती झाले ते यंत्रापाशीच ठेवा.
कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याला लाख मोजता येत नाहीत,
नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वदच्या पुढं
पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सुरू करतं बिचारं.
शेजारचं नवं यंत्र साधी घंटा वाजली तरी
कोटीखाली बोलत नाही.
फळ्याला दोघंही सारखे.
कोटीनं हरलात काय, दहानं हरलात काय,
चौथा तो चौथा.

जादा चेंडू मिळाला तर खेळायचा नाही.
सोडायचा, हात मागे घ्यायचे, घरंगळू द्यायचा.
'हा नियम आमच्या चर्चनं केला असणार,' वीबे म्हणतो.
दरवर्षी म्हणतो. दरवर्षी हसतात.

यंत्राला धक्का देता येतो, बेतानं.
पोटात लंबक टांगलाय, भोवती कडं.
नव्यांमध्ये दोनदा ताकीद मिळते,
म्हाताऱ्यात एकदाही नाही.
लंबक कड्याला टेकला की दिवे जातात, पंजे मरतात,
चेंडू तुमच्या डोळ्यांदेखत खाली जातो
आणि तुम्ही बटणं दाबत राहता,
सगळेच दाबत राहतात.

शेवटची फेरी म्हाताऱ्यावर.
हिडे, एकोणीस वर्षांचा, एका गुणानं पुढं.
चित्स्के एकाहत्तरची. टर्शेलिंगच्या फेरीबोटीवर
तेवीस वर्षं इंजिनखोलीत काढलेली.
ती यंत्राला कमरेनं ढकलते,
धक्क्याला लागणारी होडी परतवावी तसं.
एकसष्ट हजार चारशे ऐंशी. मग फार ढकललं.
दिवे गेले.

हिडेनं लगेच दांडा ओढला, सोडला.
चेंडू वर पोचायच्या आतच अंधार.
त्याचा शेवटचा चेंडू, न खेळताच मेलेला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.
कागद काढला. एकाच्या धक्क्यानं दुसऱ्याचा चेंडू गेला तर
दुसऱ्याला नवा चेंडू. धक्का मुद्दाम असेल
तर देणाऱ्याला शून्य.
'मुद्दाम दिलास?'
'नाही,' चित्स्के म्हणाली.
सत्तरीनंतर माणसाला तपासत बसत नाहीत. नवा चेंडू दिला.

हिडे थांबला. हात पँटला पुसले,
आत सगळं शांत झाल्याची वाट बघितली,
आणि चेंडू दोन पंजांच्या मधून
सरळ, एखाद्याला घरी जायची घाई असावी तसा,
तीस गुण करून निघून गेला.
चित्स्केला चार, हिडेला एक. मी लिहिलं.
टाळ्या. हिडेनंही वाजवल्या, जरा जास्तच.

रात्री कप विसळताना ती शेजारी उभी होती, कोट घालून.
'धक्का मुद्दाम नव्हता,' म्हणाली.
'पण लंबक अजून हलत होता. मला ऐकू येत होतं.
पोराला थांब म्हणता आलं असतं.'

मी कागद पुन्हा वाचला, ओल्या हातानं.
धक्क्याबद्दल आहे, काचेबद्दल आहे,
अडकलेल्या चेंडूबद्दल तर अर्धं पान.
गप्प बसण्याबद्दल काही नाही.

'मग काय करू?' मी विचारलं.
'काही नको. फळा पूस,' म्हणाली,
आणि ट्रॉफी काखेत मारून बर्फावरून गेली.

फळा पुसला. मग पेन्सिलीनं कागदाच्या तळाशी,
पुढल्या वर्षीसाठी:
ऐकू येत असेल तर सांगावं.

खोडलं. कागद ओला होता, नीट खोडलं गेलं नाही.