कागदी भोपळे

खानापूर सोडलं की रस्ता झाडीत शिरतो,
तिथं आमची शाळा. पट चौदा.
गॅदरिंगच्या स्टेजला भोपळे लावायचे ठरले
कारण खऱ्या भोपळ्यांना पैसे पडतात
आणि कागद कुणीही देतो.

आठ दिवस रद्दी येत राहिली:
मलप्रभाच्या मामाच्या सलूनमधले शिळे पेपर,
अर्धे मराठी, अर्धे कन्नड,
पानपट्टीवरच्या चुन्याचे डाग पडलेले गठ्ठे,
आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका, दोन्ही लिप्यांत,
तारीख चुकली म्हणून वाटायच्या राहिलेल्या.

मल्लव्वानं भात उतरवून त्याच चुलीवर खळ शिजवली.
"मेथी घाला बाई, झुरळ तोंड लावत न्हाई,"
म्हणाली, आणि मूठभर स्वतःच वाटून आणली.
दिवसभर वर्गाला मेथीच्या लाडवाचा वास.
चौथीतल्या दोघांनी खळ चाटूनही बघितली.

फुगे नंदगडच्या बाजारचे.
फुगवून वर सुतळी आवळायची, फोडी पडतात,
मग पट्ट्या. उभी एक, आडवी एक.
मोठा मथळा फाटला तेव्हा
'सीमा' सातेरीच्या भोपळ्यावर गेली
आणि 'प्रश्न' बादलीत राहून लगदा झाला.
मी काही बोलले नाही.
हात बरबटलेले असताना माणूस फारसं बोलत नाही.

मलप्रभाच बोलली, पट्टीवरची नजर न काढता:
"बाई, त्यांची अक्षरं आदीच गोल हायत,
भोपळ्यावर गप बसुलैत.
आपली डोक्यावरच्या काठीला टांगल्यात,
वाकवलं की काठी मोडुलै."

बावीस वर्षं मी फळ्यावर आधी ती काठी ओढते
आणि मग तिला अक्षरं लटकवते.
तिला वाकवून कधी बघितलं नव्हतं.

मल्लव्वा येता-जाता म्हणे, "कुंबळकाई छान झाली."
पोरं म्हणत, "भोपळा म्हणा की."
ती म्हणे, "म्हणते. चिरताना सोपा कुठला, सांगा."
विळ्या-भोपळ्याचं सख्य मी सातवीला शिकवते,
वाक्यात उपयोग करा, दोन गुण.
भोपळ्याची बाजू प्रश्नपत्रिकेत येत नाही.

वाळायला पाच दिवस लागले.
मधेच एका रात्री पाऊस आला अवेळी,
व्हरांड्यातले तीन बसले, एकाला मुंग्या लागल्या.
उरले ते हळदीनं आणि गेरूनं रंगवले,
देठाला शेवग्याच्या काड्या.

भरमूचा सगळ्यात देखणा.
फोडी सारख्या, खाली बसका, जरा कललेला,
जसा परड्यात पानाखाली सापडतो तसा.
हा भरमू हलगेकर, गणितात मी ज्याला
याच वर्षी तीनदा भोपळा दिला.
हे त्याला सांगून हसवावं असं मनात आलं
आणि जिभेवरच राहिलं.

दिवे ठेवायला वरून चकत्या कापायच्या होत्या.
टाचणी लावली की आतला फुगा
फटकन न फुटता सुरकुतत जातो,
कागदापासून सुटताना बारीक करकर होते.
पोरं कान लावून ऐकत होती.

भरमूच्या भोपळ्याची चकती मीच उचलली
आणि आत बघितलं.
सगळ्यात आतला थर, फुग्याला चिकटलेली बाजू,
तिथं पेपर नव्हता. वहीची पानं होती, चौकटीची.
लाल शाई. माझं अक्षर.
'पुन्हा सोडव.' 'लक्ष कुठे आहे?'
आणि ते वर्तुळ, खाली दोन रेघांसकट,
एकदा, परत एकदा,
तिसरं वळणावर थोडं दुमडलेलं.

तो बाजूलाच उभा होता, ब्रश धुवत,
माझ्याकडं न बघता.

मी चकती परत बसवली.
फटीवर खळ लावली, एक पट्टी, वर दुसरी,
पहिली कन्नड होती की मराठी, पाहिलं नाही.
"ह्याला दिवा नको," म्हणाले,
"हा असाच भरीव दिसू दे."

"बरं," तो म्हणाला,
आणि वाळायच्या आत त्यावर गेरू फिरवला.