रकाना नऊ

मे महिन्यात नगरपंचायतीने मला बागेत धाडलं,
हातात छापील तक्ता: क्रमांक, जात, घेर, उंची,
शेवटी आठवा रकाना, जिवंत की मृत.
उद्घाटनाला एकशे चाळीस लावली होती.
फीत कापली तेव्हा कारंजंही उडालं होतं,
पावणेदोन तास.
आता त्या हौदात वाळली पानं
आणि वणीकडच्या ट्रकांनी उडवलेला कोळशाचा भुगा.

सत्तावीस जिवंत.
बोअर आटून तीन उन्हाळे झाले, माळ्याचं पद रिक्त,
मग ही सत्तावीस कशावर जगली?
मातीचा पोत असेल, म्हटलं. मग म्हटलं, उतार.
पण शिसम वाळलेला आणि लगतचा बकुळ हिरवागार,
मधे चार पावलंसुद्धा नाहीत.

बकुळाला टेप गुंडाळला तर मागून आवाज,
"काहून मोजून राह्यले जी? तोडता का काय?"
पंचफुलाबाई नगराळे.
दोन घरची भांडी झाली की
तिसऱ्या घरची माणसं दुपारची झोप काढून उठेतो
ती इथं टेकते.
जाताना बाटलीतलं उरलेलं पाणी बुडाशी उपडं करते.
"उपकार नाही करत, सायेब.
भाडं हाये सावलीचं."

त्या रात्री टेप घरीच ठेवला
आणि पहाटे पाचला नुसता जाऊन बसलो.

भरतीची पोरं आली, शर्ट करंजाच्या फांदीवर.
सोळाशे मीटर पळून अचल कुळमेथे तोंड धुतो
ते करंजाच्या आळ्यात वाकूनच.
त्याचा मोठा भाऊ गेल्या साली पोलिसात लागला,
जाताना सायकल आणि हे झाड
याच्या हवाली करून गेला.
भिंतीलगतच्या कडुनिंबाला मन्नानभाईच्या टबातलं पाणी,
दिवसभर ट्यूबमधले बुडबुडे शोधून गढूळलेलं.
निंबाला चालतं.

बहाव्याचं मात्र कळलं नाही.
खोडावर कोरलेली दोन नावं, त्यातलं एक खरवडलेलं.
तीन दिवस पाळत ठेवली, कोणी दिसलं नाही.
आळं रोज ओलं.

मग मीच पट्टी घेऊन पेनानं नववा रकाना आखला:
कोणाचं?

मुख्याधिकारी चष्म्यावरून बघत राहिले.
जागेवर बावीस गाळ्यांचा प्रस्ताव, नकाशा टेबलावरच.
"शासकीय जागेत कोणाचं कसं असेल?"
"मालकी नाही, साहेब," मी म्हणालो, "पण..."
आणि त्या 'पण'च्या पुढं
टिपणीच्या भाषेत शब्द सापडेना.
फाइल परत आली. शेरा: रकाने आठच ठेवावेत.

मी नऊ ठेवले.
फक्त क्रमांक एक्याण्णवपाशी पेन अडलं.
कदंब.
तो मीच लावला होता, फोटोसाठी,
नव्या नोकरीतल्या नव्या बुटांना माती लागू नये म्हणून
पाय लांब ठेवून.
नंतर अकरा वर्षं मी इथून कार्यालयात गेलो,
कुंपणाच्या पलीकडून.
आता नुसतं जाळीचं पिंजरं, एका बाजूला कललेलं.

आठव्या रकान्यात लिहिलं, मृत.
नवव्यात माझं नाव.

उठताना दिसलं,
पिंजऱ्याच्या तारेला कोणीतरी तेलाच्या डब्याचं बूड
सुतळीनं टांगलंय पाखरांसाठी.
बोट घालून पाहिलं.
पाणी आजचंच होतं.