लाल म्हणजे किती

पादऱ्याच्या पुढे, डभाशाच्या शिवारात
फेब्रुवारीच्या अखेरीला यंत्र उतरलं, तेव्हा पोरं
आधी चाकापाशी उभी राहून आपली उंची मोजत होती.
मी त्याच्या पोटात शिरलो, बॅटरी दातांत धरून.

तसं काम सरळ आहे.
वेल मुळाशी कापायची, उचलून
गदागदा हलवायची, फळं पट्ट्यावर.
जातच तशी निवडलेली:
देठ वेलीलाच राहतो, साल जाड,
एकमेकांवर आदळून फुटत नाहीत.
वर आठ-दहा दिवस आधी औषध फवारून
सगळ्यांना एकदम पिकायला सांगितलेलं.
सांगितलेलं. ऐकतात सगळीच असं नाही.

न ऐकणाऱ्यांसाठी मी.
पट्ट्याच्या टोकाला सेन्सर, त्याखाली हवेच्या झडपा.
हिरवं दिसलं की फट्,
फळ परत मातीत.
एका श्वासात शंभर निवाडे, अपील नाही.
आणि हिरवं कशाला म्हणायचं, लाल म्हणजे किती,
ते आकडे मी भरतो.

आता सांगूनच टाकतो:
मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही.

शाळेत सगळी झाडं मी चिंचोक्याच्या रंगाची काढली.
बाई म्हणाल्या, शिर्के, तुझ्या गावात पाऊस पडत नाही का?
मग आईनं एकेका खडूला नावाची चिठ्ठी चिकटवली.
दांडिया बाजारच्या सिग्नलला मी अजून
वरचा दिवा की खालचा, एवढंच बघतो.
नोकरीच्या अर्जात तसा रकाना नव्हता.

यंत्रावर, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चार बायका,
सेन्सरच्या हातून निसटलेलं टिपायला.
त्यातल्या रेवाबेन पढियारनं दुसऱ्याच दिवशी ओळखलं.
मी दोन फळं तिच्यापुढे धरून म्हणालो होतो,
यातलं तयार कुठलं?
हसली नाही. म्हणाली, शिर्केभाई,
चारचा टेम्पो भरायचा तर आम्ही रात्रीच वेचायचो.
बॅटरी एकच, ती शेठच्या हातात.
अंगठ्यानं बघायचं.
कच्चं असेल तर ते उलट तुम्हाला दाबतं.
पिकलेलं क्षणभर विचार करतं.

डिझेलच्या त्या गर्जनेत बोलणं अशक्य,
म्हणून तिच्या हातातलं कडं बोलायचं, लोखंडी कठड्यावर.
एक ठोका: आणखी कडक कर.
दोन: बस.
टण्. मी आकडा चढवला.
टण्. आणखी चढवला.
टण्.
बऱ्याच वेळानं टण् टण्.

बत्तीस बायकांचं तीन आठवड्यांचं वेचणं
दीड दिवसात ट्रॉलीत गेलं.
बाकीच्या अठ्ठावीस बांधावर बसून बघत होत्या.
कुणी काही म्हटलं नाही. एकीनं तंबाखू मळली.
पुढच्या साली नवा कॅमेरा येणार, मग त्या चारही नकोत,
हे मला ठाऊक होतं, म्हणजे तिलाही असणार.
आकड्यांची फाइल ऑफिसला पाठवायची असते,
तीच मग सगळ्या यंत्रांत उतरते.
फाइलला नाव लागतं. मी लिहिलं, रेवा.
ऑफिस बदलतं नावं.

संध्याकाळी यंत्र थंड होत असताना
सगळ्या बायका वाफ्यांत उतरल्या,
झडपांनी उडवलेलं ओढण्यांत भरत.
बोलणं नाही, हात मात्र भराभर.
एक पिशवी रेवाबेननं माझ्या स्कूटरला अडकवली:
हिरवी आहेत भाई, चटणी करा.

घरी शुभदानं पिशवी ओट्यावर उपडी केली.
"हिरवी म्हणालात ना?
निम्मी तर लालभडक आहेत."

मी एक उचललं.
अंगठ्यानं दाबलं.
त्यानं क्षणभर विचार केला.

सकाळी फाइल पाठवून दिली,
आकडे जसेच्या तसे ठेवून.