भिंगरी

मिहानच्या रिकाम्या प्लॉटांवर
दिवे आहेत, घरं नाहीत.
तिथं झिबलमामा लुनामागं चिंधी ओढतो
अन् भिंगरी निघते, अर्धी कारवानी, अर्धी गल्लीची,
बरगड्या मोजून घ्या.

धावते तशी भुकते.
"थे गल्लीचं रक्त बोलून राह्यलं," मामा म्हणतो.
"मारू नको. तोंड बांधू नको."
भुकली की लुना बंद.
चिंधी मातीत पडते, नुसती चिंधी होते.
भिंगरी माझ्याकडे पाहते,
जशी मीच मारली.

सतरा दिवस.
एकदा पेट्रोल संपलं; त्या दिवशी
बिचारी भुकलीच नव्हती.

अठराव्या पहाटे तुरीतून खरा ससा उठला.
दोरी मी सोडली नाही, तीच सुटली.
आवाज नाही.
वाळल्या कुसळीचं फाटत जाणं,
मग तेही नाही.
आधी कळायचं तरी कुठं आहे ते.
आम्ही दोघं दिव्याखाली,
अंधाराला कान लावून.

उजाडता आली. तोंड रिकामं, जीभ लांब.
"शिकली," मामा म्हणाला, अन् बिडी पेटवली.

आता रात्रपाळीहून येतो,
फाटक वाजतं,
ती शेपूट हलवते, गप.
काल गल्लीत कोणी नाही पाहून
मीच जरासा भुकलो.