अडीच फुटांवरून

सिव्हिलमधून घरी आलो त्या रात्री
दोघी झोपल्यावर
मी लुंगी खोचली, गुडघ्यांवर बसलो
आणि आमचं घर पहिल्यांदा पाहिलं.

उंची अडीच फूट.
चिनू पैंजणांसकट तेवढीच भरते,
अंगणवाडीच्या ताईंनी
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारून दिली आहे.

तिथून
सातपूरच्या या दोन खोल्या
भलतंच गाव आहे.
चार्जरची वायर ओढ म्हणून लोंबते.
कपाटाचा कोपरा बरोब्बर भुवईच्या रेषेत.
बादली म्हणजे आड.
शिलाई मशीनखाली सुई,
उभ्याने सहा महिने न सापडलेली,
इथून चमकते, बोलावते.
आणि पलंगाखाली, मागे भिंतीशी,
फरशीवर एक गोल डाग.

संत्र्याच्या सरबताची बाटली होती.
लेबल मी काढलं नव्हतं.

सायकल रंगवायची म्हणून
कंपनीतून पाव लिटर थिनर आणलं होतं.
फुकट मिळालं, याचाच आनंद.
बूच घट्ट लावलंय असं मी रोहिणीला म्हणालो होतो
आणि ते खरंच मला घट्ट वाटलं होतं.

शनिवार, एमआयडीसीची सुट्टी.
चिनू खोकली.
एवढंच.
मग ठसका, मग तिच्या तोंडाला तो वास
जो माझ्या शर्टाला अकरा वर्षं येतोय.

सोनवणे काकू मिठाचं पाणी घेऊन धावल्या.
घशात बोट घाला, ओकू दे, ओकू दे!
मी मान धरली होती, तांब्या ओठांशी आला होता,
इतक्यात रोहिणी फोन कानाला लावून ओरडली,
ओकवायचं नाही म्हणतायत!
आणि तांब्यावर असा फटका मारला
की पाणी माझ्या छातीवर.
काकू तिच्याशी अजून बोलत नाहीत.

रफिक पिंजारीची रिक्षा.
आयटीआय सिग्नलपासून त्र्यंबक नाक्यापर्यंत
त्याने हॉर्नवरचा अंगठा काढला नाही.
मी तिच्या पाठीवर हात ठेवून
श्वास मोजत होतो, आणि आकडे चुकत होते,
चौदानंतर पुन्हा अकरा.

डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या बहिणीएवढी.
ओकवलंत का?
नाही.
चांगलं केलंत.
कशात ठेवलं होतं?
मी सांगितलं.
पेन थांबलं. मग चाललं.
ती रागावली नाही.
रागावायला हवी होती, मी त्याचीच वाट पाहत उभा होतो.

काळ्या फिल्मवर तिची छाती पाहिली.
फासळ्या खिसणीच्या दात्यांएवढ्या.
रात्रभर ठेवून घेऊ, म्हणाली, फुप्फुसाचा भरवसा नसतो.
रात्रभर मी कॉटच्या पायाशी बसलो
आणि शेजारच्या कॉटवरचा बाप,
दिंडोरीकडचा कुणी,
स्वतःच्या पोराचं ताट मला देत राहिला,
खा, खा, उद्या लागेल ताकद.

सकाळी ती हसली.
पहिला शब्द कुठला, तर सब्बत.
रोहिणी बाहेर जाऊन रडून आली.

आता सगळं वर गेलंय.
फिनेल वर, गोळ्या वर, काडेपेटी वर,
फळीला कडी, कडीला कुलूप,
किल्ली कुठे ते फक्त रोहिणीला ठाऊक.
मला विचारायला तोंड नाही.

तरी हे गुडघ्यांवरून फिरणं चालू आहे.
पलंगाच्या एका पायाचा खिळा बाहेर आलाय.
गॅसची नळी हाताशी येते.
उंबऱ्यापाशी एक शेंगदाणा, तोही उचलला.
सुईपर्यंत पोचलो, ती मुठीत घेतली,
तेवढ्यात मागून पैंजण वाजलं.

चिनू जागी होऊन उभी,
अंधारात, डोळे चोळत.
बाप जमिनीवर. तिच्या मते याला एकच अर्थ.
घोला, म्हणाली,
आणि पाठीवर चढून बसली.

मुठीत सुई होती.
तो हात टेकता येईना.
घोडा तीन पायांवर चालला,
मशीनपासून उंबऱ्यापर्यंत,
उंबऱ्यापासून मशीनपर्यंत.